ओयाशिराझु

मंडळी, अक्कलदाढेला जपानीत ‘ओयाशिराझु’ म्हणतात, म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेली. मूल घराबाहेर पडल्यावर ती उगवते ना, म्हणून! माझा भाचा खडकवासल्याला एनडीएत आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत दातांचेही गुण मोजतात, किमान 14 लागतात. तेव्हा सगळं ठीक होतं. पुढे ड्रिलच्या दिवसांत आडवी दाढ ठणकू लागली, काढावी लागली. बहिणीला त्यानं सांगितलं पंधरा दिवसांनी, गाल उतरल्यावर. ती अजून रुसलेली आहे.

आपली मुलंही इथे सेन्दाई, फुकुओकाला एकटी राहतात. मुलांनो, खालची दाढ आडवी असेल तर जवळचा दंतवैद्य बहुधा मोठ्या रुग्णालयातल्या ‘कोकू गेका’साठी चिठ्ठी देतो. आरोग्य विम्यामुळे आपल्याला खर्चाचा 30 टक्केच भाग भरावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर मात्र काढू नका. नंतर जोरात चुळा भरू नका. जखमेवरची रक्ताची गुठळी निघाली तर कळ मस्तकात जाते. कोन्बिनीत तयार ओकायु मिळते, ती आपली पेजच, फक्त मीठ-तूप आपलं आपण घालायचं. आणि सुजलेल्या गालाचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवा. आई ओरडेल. ओरडू दे.