गोळी खाऊन धावू नका

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. म्हणजे डिसेंबरचे हे आठवडे धावणाऱ्यांच्या पायांची सत्त्वपरीक्षा पाहणारे. लाँग रन तीस किलोमीटरच्या पुढे गेलेला, झोप अपुरी, त्यात लग्नसराईची जागरणं. आणि याच दिवसांत रनिंग ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं : “निघायच्या आधी एक गोळी टाकतो, मग गुडघा कुरकुर करत नाही.” ऐकणारे हसतात. एखादा तर स्वतःच्या कमरेच्या पाऊचमधून गोळ्यांची स्ट्रिप काढून पुढे करतो.

हे थांबवा, एवढंच आमचं आवाहन आहे. दुखणं दाबण्यासाठी गोळी घेऊन धावू नका. लाँग रनला नाही, आणि शर्यतीलाही नाही. गोळीशिवाय पाऊल टाकवत नसेल, तर त्या दिवशी धावायचं नाही.

गोळीने दाबलेलं दुखणं हाडाचंही असू शकतं. हाड सतत झिजत असतं आणि सतत भरून येत असतं. अंतर झपाट्याने वाढवलं की आधी जुना भाग खरवडला जातो आणि नवा भरायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात आणखी किलोमीटर चढवले की नडगीत किंवा पावलाच्या लांब हाडांत बारीक भेग पडते. तिलाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला ती एक्सरेत बहुधा दिसत नाही, त्यामुळे “एक्सरे नॉर्मल आला” म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर.

आज रात्री एवढं करून बघा. खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली या. चार बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे सारखंच दुखत असेल आणि चार पावलं धावल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडावरच्या आवरणाला ताण बसलाय. अंतर निम्म्यावर आणा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पण एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी अंगठा गेल्यावर कळ मस्तकात जात असेल, धावताना दुखणं वाढत असेल किंवा रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर धावणं त्याच क्षणी बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे एमआरआयबद्दल विचारणा. फोम रोलर फिरवून भेग सांधत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तोही प्रयोग सर्रास चालतो.

जांघेत खोलवर दुखत असेल तर उड्या मारून वगैरे बघू नका. खुब्याच्या मानेतली भेग ही धावपटूच्या वाट्याला येणाऱ्या सर्वांत वाईट दुखण्यांपैकी एक. वेळेत सापडली तर काही वेळा कुबड्या आणि विश्रांतीवर निभावतं. तशीच दामटली तर हाड पूर्ण मोडून स्क्रू घालायची वेळ येते. नडगीची साधी भेग बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरते. एक शर्यत हुकते, इतकंच.

मोठमोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या तोंडावर तिच्या मांडीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. दिमतीला उत्तमोत्तम डॉक्टर असतानाही अपुऱ्या सरावावर ती उतरली आणि तेविसावी आली. हाड कुणाची तारीख पाळत नाही.

आता गोळीचं दुसरं टोक : मूत्रपिंड. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा कमी करू शकतात. तीन-चार तास घाम गाळताना तो आधीच कमी झालेला असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ८० किलोमीटरच्या शर्यतींत काही धावपटूंना आयबुप्रोफेन आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडावर ताण आल्याची खूण दिसली, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांच्या. बहुतेक जण यातून सावरतात, पण सगळेच सावरतील याची हमी कुणी देत नाही. ब्लडप्रेशरची गोळी चालू असणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. त्यातली काही औषधं आणि पेनकिलर एकत्र आल्यावर मूत्रपिंडाचं काम अवघड होतं. आपल्याकडे चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांत बीपीवाले पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पॅरासिटामॉलचा प्रश्न तुलनेने कमी, पण भेगेची कळ तीही झाकतेच.

शिवाय याच गोळ्यांमुळे अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर पडायलाही अडथळा येऊ शकतो, आणि साचलेल्या पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं. त्याचं मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. तेव्हा प्रत्येक टेबलापाशी ग्लास रिकामा करायलाच हवा असं नाही, तहान लागेल तसं प्या.

शर्यत संपल्यावरही गोळीची घाई नको. आधी खा, प्या, लघवी नेहमीच्या रंगाची होऊ द्या. लघवी काळ्या चहासारखी गडद आली तर गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

दुखापत टाळायची तर उरलेल्या दिवसांत नवं काही करू नका. नवे बूट नकोत, बुडालेल्या लाँग रनची भरपाई नको. आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करा, स्क्वॉट मारा. ताप असेल तर धावायचंच नाही, “घाम गाळला की उतरेल” हा सल्ला ऐकायचा नाही. आणि जेवा. वजन उतरवण्याच्या नादात भाकरी सोडून तीस किलोमीटर धावणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते. ते तंदुरुस्तीचं लक्षण नाही. हाडं कमजोर होऊ लागल्याचा तो इशारा आहे. मैत्रिणींनो, लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आई-वडिलांनीही हा विषय टाळू नये.

ग्रुप चालवणाऱ्या दादा-ताईंना विनंती : रविवारी पहाटे वॉर्म-अपच्या आधी उघड विचारा, “आज कुणी गोळी घेतलीय?” घेतली असेल त्याला त्या दिवशी पाणी वाटायच्या कामाला लावा. लंगडत पूर्ण केलेल्या रनला व्हॉट्सॲपवर अंगठे आणि ज्वाळा पाठवणं बंद करा.

पेडर रोडच्या चढावर संत्री, बिस्किटं घेऊन पहाटेपासून उभ्या राहणाऱ्या मुंबईकरांनो, तुमच्यावर शर्यतीचा अर्धा जीव आहे. हवं ते वाटा, पण कुणी कितीही गयावया केली तरी पेनकिलर देऊ नका. कुणी असंबद्ध बोलत असेल, झोकांड्या खात असेल, तर त्याला पुढे ढकलू नका. सावलीत आडवं करा, अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर मानेला आणि काखेत लावा आणि वैद्यकीय पथकाला हाक मारा. छातीत जडपणा किंवा जबड्यापर्यंत कळ म्हणजे ॲसिडिटी समजू नका. पथक जवळ नसेल तर १०८.

शेवटचं, बिबबद्दल, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाबद्दल. दुखापतीमुळे माघार घेतलीत तर आपला बिब मित्राला देऊ नका. तो कोसळला तर नोंदीवरून डॉक्टर तुमच्या घरी फोन करतील आणि तुमचीच औषधं, तुमचाच रक्तगट गृहीत धरतील. जे धावणार आहात त्यांनी बिबच्या मागचे रकाने रिकामे सोडू नका : घरच्यांचा नंबर, रक्तगट, चालू औषधं. आणि हे सगळं वाचूनही सकाळी गोळी घेतलीच, तर तिचं नाव आणि वेळही तिथेच लिहा.