लाडवावरचा बेदाणा

दिवाळीत फराळाचं ताट टीपॉयवर ठेवायची आमच्याकडची जुनी पद्धत यंदा मी मोडली. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली, म्हणून हे लिहितेय.

गेल्या पाडव्याला आमच्या मोतीला कुणीतरी कौतुकाने बेसनाचा लाडू भरवला. मग नातवंडांनी आणखी तीन. आम्ही सगळे हसत बघत होतो, मीसुद्धा. प्रत्येक लाडवावर एक बेदाणा, आत दोन-तीन. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. फटाक्यांना घाबरला असेल म्हणून आम्ही झोपलो. सकाळी तो उठेना. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "द्राक्षं, बेदाणे, मनुका असं काही खाल्लं का?" जन्मभर मुलांना प्रश्न विचारले, पण या प्रश्नावर मी मान खाली घातली. तीन दिवस सलाईन लावलं, तेव्हा वाचला.

बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. आणि किती खाल्ल्यावर, ते आधी सांगता येत नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेही भोवतात. म्हणून "आमच्या टिप्याला कधी काही झालं नाही" हे बोलणं मला पटत नाही. खाल्ल्यावर तास-दोन तासांत डॉक्टरांकडे नेलं तर ते उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात. आम्ही तो वेळ झोपेत घालवला. चिवड्यातला तळलेला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. चॉकलेट जितकं काळं तितकं वाईट. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्यांत झायलिटॉल असलं तर तेही विषच.

फटाक्यांविरुद्ध आपण सगळेच लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली, ती कितीजण पाळतात ते आपण ऐकतोच. पण तिथे दोष शेजाऱ्याचा असतो, म्हणून लिहायला सोपं जातं. लाडू तर मीच वळले होते.

जाऊबाई म्हणाल्या, "पाहुण्यांनी काय ओट्याशी उभं राहून खायचं?" तसं नाही हो जाऊबाई. बसा, ताट हातात देते. मोतीला भरवायची हौस असेल तर उकडलेल्या गाजराचा डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आहे. यंदा बेदाणे लावलेलेच नाहीत. लाडू जरा बोडके दिसतात, एवढंच.