शील आणि प्रयोगशाळा

आमच्या वाईच्या वसतिगृहातून शिकून गेलेला एक विद्यार्थी आज उंदरांच्या टाचेच्या कंडरेवर संशोधन करीत आहे. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर. तिला रक्तपुरवठा कमी. म्हणून ती तुटल्यास सावकाश सांधते आणि पूर्वीचे बळ सहसा परतत नाही. कबड्डीपटूचे मैदान सुटते, हमालाची रोजी बुडते. उपचार शोधण्यासाठी उंदराला भूल देऊन कंडरा छेदावी लागते. पहिले शील घेतलेल्या हातांनी हे करावे काय, असे त्याने आम्हांस विचारले.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आमच्या मते उत्तर तेथेच आहे. मात्र गरज ही सोयीची सबब होता कामा नये. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचाही रोख हाच आहे : शक्य तेथे प्रयोग टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, शक्यतो भूल द्यावी. पण कायदा परवानगी देऊन थांबतो. शील प्रत्येक जिवाचा हिशेब मागते. दहा उंदरांत उत्तर मिळत असता अकरावा मारणे, ही गरज नव्हे. ही मोजणी आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पहिल्या तासापासून शिकावी.