मॅटखालचा पत्रा



माझे अब्बा १९७६ साली सोलापूरहून मुंबईला गेले आणि २००६ साली कायमचे परत आले. मधली तीस वर्षं त्यांनी टॅक्सी चालवली. आम्हा भावंडांसाठी अब्बा म्हणजे दर महिन्याची मनीऑर्डर आणि दोन ईद. ईदच्या आदल्या दिवशी ते घरी यायचे, साबणाने तीनतीनदा हात धुवायचे, तरी बोटांना ग्रीसचा वास यायचाच. त्यामुळे काळ्या-पिवळ्या पद्मिनीबद्दल मुंबईकरांना जे प्रेम वाटतं, ते मला कधी वाटलं नाही. माझ्या लेखी त्या गाडीने माझे अब्बा तीस वर्षं तिकडे ठेवून घेतले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये टीव्हीवर बातमी आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीचं वय वीस वर्षांपर्यंतच चालतं. म्हणजे ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी बंद. अब्बांनी बातमी पूर्ण पाहिली, टीव्ही बंद केला आणि मगरिबला निघून गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी कोरी गाडी काढताना मी स्वतः पाहिलीय."

हे वाक्य मी शारजाला असलेल्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. तीच माझी चूक! त्याने मनावर घेतलं. "आपा, अब्बांसाठी पद्मिनी घ्यायची. मात्र त्यांना कळू द्यायचं नाही."

तरुण वाचकांसाठी थोडं सांगते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने '११००' ही गाडी बनू लागली. १९७४ च्या सुमारास तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, तरी लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावर गियर, मागे लोखंडी पाटे. अब्बा म्हणतात, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर जवळ असला की ही गाडी माणसाला रस्त्यात सोडत नाही.

भावाला गाडी सापडली ती कोइमतूरला. सोलापूरपासून हजारेक किलोमीटर. १९८६ चं मॉडेल, फिकट निळा रंग, किंमत एक लाख साठ हजार. विकणारे एका गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पाठवलेले वीस-बावीस फोटो भावाने मला पाठवले. गाडी नव्या नवरीसारखी दिसत होती. "दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय, पंचवीस हजार बयाना पाठवा म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

भाऊ पैसे पाठवायलाच निघाला होता. मी अडवलं. हे पैसे त्याने घराच्या स्लॅबसाठी जमवले होते. पावसाळ्यात मागची खोली गळते, तिथे आम्ही आजही परात ठेवतो. मी म्हटलं, "पाहिल्याशिवाय एक रुपया जाणार नाही."

"आपा, तुझा कुणावर विश्वासच नाही. ते म्हातारे गृहस्थ आहेत, फसवतील का?"

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारलं. मला वाटलं होतं, ते मोटारीच्या नादावरच बोलतील. पण त्यांनी फार कामाची गोष्ट सांगितली. न पाहिलेली वस्तू विकत घेण्याबद्दल फिक़्हमध्ये आधीपासून चर्चा आहे. हनफ़ी मसलकात असा सौदा होतो, पण वस्तू पाहिल्यावर तो ठेवायचा की मोडायचा, हा हक्क खरेदीदाराकडे राहतो. त्याला ख़ियार-ए-रूयत म्हणतात. आपले कोकणातले बांधव जो शाफ़ई मसलक मानतात, त्यातल्या प्रचलित मतानुसार तर न पाहिलेल्या वस्तूचा सौदाच दुरुस्त नाही. बयान्याचंही तसंच. सौदा मोडला म्हणून बयाना गिळून टाकणं हनफ़ी, मालिकी आणि शाफ़ई मसलकांत नाजायज़ मानलं आहे. हंबली मसलकात त्याला परवानगी आहे. "पण बेटी," ते म्हणाले, "गेलेला बयाना कोइमतूरहून परत आणायला तू कुठल्या क़ाज़ीकडे जाणार? आधी जाऊन पाहा."

आता जाऊन पाहणार कोण? मला गाडीतलं काही कळत नाही. माझे शौहर स्कूटरपलीकडे गेले नाहीत. ओळखीचे मेकॅनिक उस्ताद म्हणाले, चार दिवस दुकान बंद ठेवायचे पैसे द्या. आम्ही सगळे डोकं धरून बसलो होतो आणि गाडीतलं सगळं कळणारा माणूस पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. शेवटी मीच अब्बांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "चॅसी नंबराचा फोटो पाठवलाय का?" वीस-बावीस फोटोंत तेवढाच नव्हता.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं कुर्ला-कोइमतूर गाडीने निघालो. पंचाहत्तर वर्षांचे अब्बा, माझे शौहर आणि मी. अब्बांच्या पिशवीत जुनी चादर, टॉर्च आणि आमच्या फ्रिजवरचं लोहचुंबक होतं.

त्या गृहस्थांनी आमचं मनापासून स्वागत केलं. गाडी अंगणात उभी होती, पुसून चकचकीत. अब्बांनी सलाम-दुआ केली आणि सरळ बोनेटवर हात ठेवला. बोनेट गरम होतं. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून सकाळी जरा चालू करून पाहिली." अब्बा हसले. "चांगलं केलंत. आता गार होऊ द्या, तोवर चहा घेऊ." नंतर त्यांनी मला समजावलं की गरम इंजिन कुणाचंही पटकन चालू होतं. गाडीची खरी तब्येत थंड असतानाच्या पहिल्या किल्लीला कळते. तेव्हा किती वेळ लागतो, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते बघायचं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.

चहा होईपर्यंत त्यांनी लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेने फिरवलं. बाकी ठिकाणी ते चिकटत होतं, दोन ठिकाणी घसरून पडलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती आणि वर रंग. मग त्यांनी चादर अंथरली आणि गाडीखाली गेले. मला भीती वाटली, पण अडवायची हिंमत झाली नाही. बाहेर आल्यावर ड्रायव्हरच्या पायाजवळची नवी कोरी मॅट उचलून त्यांनी मला बोलावलं. खाली ओल होती आणि पत्रा बोटाने दाबला तर आत जात होता.

धान्याच्या राशीचा तो प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. बाजारात रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी राशीत हात घातला, तर आतलं धान्य ओलं निघालं. ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. हा प्रसंग मी वर्गात कितीदा सांगितला असेन. त्या अंगणात तो मला वेगळाच कळला. ते गृहस्थ आमच्या शेजारी वाकून बघत होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी पेंटरला गाडी दिली होती, त्याने मॅट टाकून दिली. त्यांनी स्वतः ती कधी उचललीच नव्हती. लपवणारा माणूस आणि न बघणारा माणूस, यांच्यात आख़िरतच्या हिशेबात फरक असेल; घेणाऱ्याच्या खिशाला मात्र दोन्ही सारखेच.

पण पत्र्याचं काम शेवटी वेल्डिंगचं. खरा पेच कागदांत निघाला. आरसी बुक तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं. त्यांच्याकडून या गृहस्थांनी २०११ साली रोख पैसे देऊन गाडी घेतली होती. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि ते फॉर्म कपाटात राहिले. मूळ मालक २०१९ साली वारले. गाडीची नोंदणी २०२१ साली संपली, तिचं नूतनीकरण झालेलंच नव्हतं. विकणारे प्रामाणिकपणे 'पेपर क्लियर' म्हणत होते, कारण आरसी बुक, चावी आणि गाडी, तिन्ही त्यांच्याजवळ होतं.

भावाने पंचवीस हजार पाठवले असते, पाठोपाठ बाकीचे पाठवून गाडी ट्रकवर चढवली असती, तर ती एका मयत माणसाच्या नावाने आमच्या दारात गंजत उभी राहिली असती. नाव बदललेलं नसणं विकणाऱ्यालाही महागात पडतं. गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचं नाव, त्यालाच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

तासाभराने इंजिन गार झालं. पहिल्या किल्लीला नाही, दुसऱ्या किल्लीला चालू झालं. धूर स्वच्छ होता. अब्बांनी डोळे मिटून आवाज ऐकला. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ते घेऊनच टाका म्हणतील. आणि ते तसं म्हणाले असते, तर मी नाही म्हणू शकले नसते. त्यांनी इंजिन बंद केलं, चावी गृहस्थांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "इंजिन जिवंत आहे. पण मी तीस वर्षांत कागदाशिवाय चाक फिरवलं नाही. आधी कागद करा, मग बोलू." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते दुसरं गिऱ्हाईक होतं. म्हणजे तेही खोटं नव्हतं! गृहस्थांनी त्यालाही कागदांची अडचण सांगून टाकली. मग त्या गिऱ्हाइकाचा फोन पुन्हा आला नाही.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. भाड्याचे पैसे फुकट गेले, असं भाऊ म्हणाला. नोव्हेंबरमध्ये त्या गृहस्थांचा स्वतःहून फोन आला. मूळ मालकाच्या मुलाला शोधून त्यांनी वारसाचा ३१ नंबरचा फॉर्म भरून घेतला होता, गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी पुढे गेली होती. पत्र्याचं काम धरून किंमत त्यांनीच एक लाख वीस हजार केली. अब्बांच्या सांगण्यावरून तिघांच्या सह्यांचा आणि दोन साक्षीदारांचा करार झाला. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआन शरीफ़मधली सर्वांत लांब आयत, देण्याघेण्याची लिखापढी आणि साक्षीदार यांबद्दलच आहे. तरी आपल्याकडे 'घरचाच माणूस आहे' म्हणून कागद टाळला जातो.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी लांबून घेणार असेल, तर आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. आरसीवरचा माणूस आणि विकणारा माणूस एकच आहे का, हे आधी विचारा. चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गाडीवर बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर तो उतरवल्याशिवाय सौदा करू नका. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. ती कधी संपते ते पाहा. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, आणि हस्तांतराचे २९ व ३० नंबरचे फॉर्म लागतात. आपल्या राज्यात नवा नंबर घ्यायला २७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, शिवाय इथला कर वेगळा. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करा. आणि विकणारा 'व्हिंटेज' म्हणाला तर भुलू नका. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडीच कागदोपत्री व्हिंटेज ठरते. आमची पद्मिनी अजून चाळिशीतच आहे.

गाडी डिसेंबरमध्ये ट्रेलरवरून आली. सध्या आमच्या अंगणात लिंबाखाली उभी आहे. पायाखालचा पत्रा नवा झाला, सोलापूरच्या आरटीओतलं काम अजून चालू आहे. दर जुम्याला नमाज़ला जाण्याआधी अब्बा पाच मिनिटं इंजिन चालू करतात. माझी लेक शेजारी बसून स्टेअरिंगवरचे गियर शिकते, गाडी जागेवर असतानाच. फाटकाबाहेर न्यायचं नाव काढलं की अब्बा म्हणतात, "आपल्या नावाचं आरसी येऊ दे."

मागच्या खोलीचा स्लॅब या वर्षीही राहिला. भाऊ म्हणतो, पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह. मी परात धुवून ठेवली आहे.