हौसेचं मोल : आधी डोळा, मग रायफल

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ जिंकलं आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ तेरा वर्षांच्या लेकीला घेऊन दारात उभे राहिले. मी रविवारी रेंजवर जातो हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्याला अडकवलेली ती लांबलचक पेटी लिफ्टमध्ये मावत नाही. गृहस्थांच्या मोबाइलवर तीन रायफलींचे फोटो होते. "काका, यातली कुठली घेऊ? बजेट सांगतो."

मुलगी मागे उभी राहून माझ्या पेटीकडे बघत होती.

पहिला फोटो स्वप्नीलच्या हातातल्यासारख्या रायफलीचा. तो लगेच बाद केला. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे पॉइंट टू-टूची, बारूद भरलेली खरी गोळी. त्याला शस्त्र परवाना लागतो, आणि परवान्याचा रस्ता लांबचा आहे. आपल्याकडे हौशी माणसाची पहिली रायफल म्हणजे दहा मीटरची एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखीचा नि पत्त्याचा पुरावा मागतो, तो निमूट द्यावा.

दुसऱ्या फोटोतली रायफल बघून मला हसू आलं, कारण सात वर्षांपूर्वी मी हुबेहूब तसलीच घेतली होती. नळी मोडून भरायची, काळीकुट्ट, वर भली मोठी दुर्बीण आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '१००० एफपीएस'. दुकानातल्या मुलाने ते हजार मला तीनदा वाचून दाखवले. मीही भुललो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला वेगाचं एवढं आकर्षण का वाटावं कोण जाणे. महिन्याभरात दुर्बिणीतली फुलीची तार तुटली. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी दणका देते, साध्या दुर्बिणीला तो पुढचा दणका सोसत नाही, हे मला नंतर रेंजवर कळलं. तिथे कोचने रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "सर, फुगे फोडायचेत की नेमबाजी शिकायचीय?"

फुग्यांचा अपमान नको. जत्रेतल्या स्टॉलवर वाकड्या माशीच्या बंदुकीने फुगा फोडायलाही अक्कल लागते. नेम कुठे धरायचा ते स्टॉलवाल्याच्या पोराला विचारावं लागतं. पण कोचचा मुद्दा बिनतोड होता. दहा मीटरवर वेगाचं काम काय? स्पर्धेतल्या रायफलीचा छर्रा साधारण १७५ मीटर सेकंदाला या वेगाने जातो. माझ्या खोक्यावरचे हजार फूट म्हणजे तीनशेच्या वर मीटर. अर्धा ग्रॅमचा तो छर्रा कागदाला भोक पाडायला निघालाय, सुमारे आठ जूल त्याला रग्गड होतात.

आणि तो कागद. अख्खं टार्गेट साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं. त्यातला काळा गोल दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा. मधोमध दहाचा पांढरा ठिपका, अर्धा मिलिमीटर. खसखशीचा दाणा त्याहून मोठा असतो. छर्रा चपट्या तोंडाचा, म्हणजे भोक कातरीने कापल्यासारखं पडतं. नेम धरायला दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोक, पुढे एक कडं आणि कड्याच्या मध्ये तो काळा गोल, भोवती सगळीकडून सारखी पांढरी फट दिसली पाहिजे. पहिल्या दिवशी हा गोल कड्यात ठरत नाही, डोहातल्या चंद्रासारखा हलत राहतो. हलतो आपण, पण दोष रायफलीवर टाकायचा मोह होतो, आणि तिथूनच माणूस महागड्या रायफलीकडे बघायला लागतो.

तर रविवारी त्या मुलीला मी म्हटलं, दोन्ही हात पुढे कर, पंजे जुळवून मध्ये छोटी फट ठेव आणि फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता डावा डोळा मीट. "घड्याळ गेलं," ती म्हणाली. उजवा मीट. "आलं."

बाबांना वाटलं मी पोरीशी खेळतोय. पण मुलगी हाताने उजवी आणि डोळ्याने डावी निघाली होती. मोबाइलवरची तिसरी रायफल, त्यांची सर्वांत आवडती, उजव्या खांद्याच्या दस्त्याची होती आणि परत घेणार नाही असं दुकानाने बजावलं होतं. अशा मुलांना कोणी डाव्या खांद्यावर शिकवतं, कोणी डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावून उजव्यावरच ठेवतं. ते कोचने मुलीला महिनाभर पाहून ठरवायचं. मेंदूने कोणता डोळा धरलाय हे कळायच्या आधी रायफल घेणं म्हणजे पाय न मोजता चपला आणणं.

दस्त्याच्या मापाबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण पैसा खरा इथे असतो आणि दुकानात त्याबद्दल चकार शब्द निघत नाही. उभ्याने नेम धरताना रायफल दंडाच्या जोरावर धरत नाहीत. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात, कंबर थोडी पुढे काढतात आणि चार-साडेचार किलोचं वजन हाडांवरून पायांत उतरवतात. स्नायू थकतो, थरथरतो. हाड थरथरत नाही. आता कोपर कमरेपर्यंत पोचतं का, पोचल्यावर रायफल डोळ्याच्या उंचीला येते का, हे ज्याच्या त्याच्या धडावर आणि हातावर अवलंबून. न आल्यास मान खाली वाकते, आणि मान वाकली की साठ शॉटच्या मॅचमध्ये विसाव्या शॉटलाच डोळ्यापुढे धुकं येतं. म्हणून पाहायचं ते हे: खांद्याला टेकणारी पट्टी वर-खाली, मागे-पुढे होते का? गाल टेकायचा भाग उचलता येतो का? पुढच्या हाताखाली ठोकळा लावता येतो का?

दुकानात करायची एकच परीक्षा सांगतो. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल आपसूक जिथे पडेल तिथे पडू द्या. मग डोळे उघडा. मागच्या भोकातून पुढचं कडं समोर दिसलं तर माप जवळपास आलं. दिसण्यासाठी मान ताणावी लागली, गाल दाबावा लागला, तर स्क्रू फिरवून बघा. स्क्रूच नसतील तर नमस्कार करून बाहेर पडा. वाढत्या वयाच्या मुलांना तर स्क्रूवाला अॅल्युमिनियमचा दस्ता बरा. पोरगी वर्षात तीन इंच वाढली तरी रायफल तिच्याबरोबर वाढते. माझा स्वतःचा जीव लाकडी दस्त्यावर. पुण्यातल्या थंडीत पहाटे अॅल्युमिनियमला गाल लावून बघा, म्हणजे कारण कळेल.

पुढचा प्रश्न हवेचा. स्प्रिंगच्या रायफलीला कोणाचा आधार लागत नाही: नळी मोडा, छर्रा घाला, मारा. पाण्याचे पाइप करणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनी एके काळी अशा एअर रायफली करायची, आणि जुन्या घरांतल्या माळ्यांवर त्या अजून निघतात. पण छर्रा नळीत असतानाच स्प्रिंगचा दणका बसतो, त्यामुळे नवख्याला कळत नाही की चुकलं कोण, तो की स्प्रिंग. दाबलेल्या हवेच्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतो. शॉट कुठे गेला ते तुमच्या हाताचंच फळ, आणि शिकण्यासाठी हेच हवं. मात्र तिच्या नळकांड्यात दोनशे बारपर्यंत हवा भरायची असते. रेंजवर मोठा सिलिंडर असतो. घरी हातपंपाने भरायला गेलात तर नेमबाजीआधी व्यायामच होतो. म्हणजे रेंज जवळ नसेल तर हवेची रायफल घेऊन कोपऱ्यात उभीच राहायची.

सेकंडहँड घेणाऱ्यांना माझा पाठिंबा आहे. उत्तम जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफल नवी घ्यायची तर दोन-तीन लाख बाजूला ठेवावे लागतात, आणि तशी रायफल घेऊन वर्षाने कंटाळलेली मंडळी प्रत्येक रेंजवर असतात. फक्त तीन गोष्टी बघा. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की तो सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, स्वस्तातल्या सौद्याचं रहस्य बरेचदा त्या तारखेत असतं. दुसरं, संध्याकाळी हवा भरून काटा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. तिसरं, पावतीवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक एकच आहे ना. लाकडावरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा, ते वापराचे असतात.

गृहस्थ एव्हाना थोडे हिरमुसले होते. बजेट तयार, पोरगी तयार आणि मी काही घेऊच देत नव्हतो. त्यांना अंजली भागवतांचं उदाहरण दिलं. त्या मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून या खेळाकडे आल्या. सिडनीत २००० साली ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्याची सुरुवात काही घरच्या रायफलीने झालेली नाही. रेंजवर भाड्याच्या, क्लबच्या रायफली असतात. त्यांच्यावर चार-सहा महिने काढा. पैसे खर्चायचेच असतील तर सपाट तळाचे बूट घ्या आणि छर्रे घ्या. आठवड्यात तीन दिवस ऐंशी ऐंशी शॉट मारले तर पाचशे छर्‍यांचा डबा पंधरवड्यात संपतो. हा खर्च रायफलीच्या जाहिरातीत कुठे छापत नाहीत. त्यानंतर जॅकेट, ते नेमबाजीचं जाड, ताठ जॅकेट, अंगावर मापून. रायफल त्याच्याही नंतर, कारण जॅकेट घातलं की खांद्याचं माप बदलतं.

"घरी सराव?" त्यांनी विचारलं. छर्रा न घालता, रायफलीच्या ड्राय-फायरच्या सोयीवर, कोऱ्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं, जरूर. छर्रा घालून गॅलरीत, कदापि नाही. कबुतरांवर, चिमण्यांवर तर नावच काढू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच, पण तो नसता तरी मी तुम्हाला लिफ्टमध्ये ओळख दिली नसती. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि नळीत सतत ती रंगीत दोरी, म्हणजे लांबूनही दिसावं की आत काही नाही.

मुलगी ऑगस्टअखेर रेंजवर आली. डावा खांदाच तिला ठरला. क्लबकडे डाव्या हाताला चालेल अशी एकच रायफल आहे, नंबर तीन, पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती दुसऱ्या बॅचचा एक मुलगाही वापरतो आणि सगळे स्क्रू आपल्या मापाला फिरवून ठेवतो. पहिले दोन आठवडे ती त्याच्या मापावर मान मोडून नेम धरत होती आणि घरी जाऊन रडत होती. मग कोचने तिला वही आणायला लावली. गाल चौदा, पट्टी दोन रेघा खाली, ठोकळा मधल्या भोकात, असं तिने पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

दिवाळीत बाबा पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. मी म्हटलं, काय, घेतली का रायफल? त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची चपटी डबी काढली. बोहरी आळीतून आणलेला अॅलन कीचा संच. "चार नंबरची सारखी हरवते म्हणाली," ते म्हणाले, "म्हणून दोन घेतलेत."