वयाचाही हंगाम असतो



कपाशीची धूळपेरणी कधी करायची, ज्वारीच्या रानाला वापसा कधी येतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मृगात पेरायचे ते आश्लेषात पेरले तर पदरात काय पडते, हेही आपण भोगून जाणतो. पण स्वतःच्या आयुष्याचा पैशाचा हंगाम मात्र आपण नशिबावर सोडून दिला आहे. पंचविशीत काय साठवायचे, पस्तिशीत घर कशापासून राखायचे, पंचेचाळिशीत कोणत्या खर्चाला नाही म्हणायचे आणि साठीनंतर कशावर जगायचे, हे किती घरांत नवरा-बायको वही घेऊन ठरवतात?

गावोगावच्या बैठकांत हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. "भाऊ, भावच मिळत नाही तर साठवायचे काय?" भावाची लढाई भावाच्या जागी आहे. वहीत आकडे लिहून ती जिंकता येणार नाही, आणि बचतीचा उपदेश करून कोणी आपल्याला त्या लढाईतून उठवू पाहील तर त्यालाही आम्ही विरोध करू. पण आपल्या घामाला दोन छिद्रे आहेत. एक बाजारात आहे, दुसरे घरात. बाजारातले बुजवायला सगळ्यांची एकजूट लागते. घरातले बुजवायला एका रात्रीची बैठक पुरते.

व्याज कापसात मोजा

घरातले छिद्र केवढे आहे ते पाहा. मुलीच्या लग्नाला दोन लाख रुपये शेकडा तीनने उचलले, असे धरू. महिन्याचे व्याज ६ हजार, वर्षाचे ७२ हजार. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे नुसत्या व्याजापोटी जवळजवळ नऊ क्विंटल कापूस गेला. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर पावणेदोन एकरांचे सगळे पीक वर्षभर सावकाराच्या घरी पिकले. त्यात बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीचा खर्च आपला, तो वेगळाच. मुद्दल होते तिथेच.

याउलट वेळेत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीनंतर वर्षाला ४ टक्के व्याज पडते, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तेही उतरते. ही सवलत फक्त मुदतीत फेडणाऱ्याला आहे. दरसाल नवे-जुने करून कागद फिरवत राहिलो आणि एका साली मुदत हुकली की सवलत गेली. नवे-जुने म्हणजे फरदडीसारखे आहे. चार बोंडे जास्त मिळाल्याचे समाधान, आणि पुढच्या सालची बोंडअळी आपल्याच रानात पोसलेली.

२००८, २०१७ आणि २०१९ या तिन्ही वेळच्या कर्जमाफ्यांत कृषी केंद्राची उधारी कुठेच बसली नाही, हेही ध्यानात ठेवा.

आपली मोजणी महिन्यांत नाही, सालांत आहे

नोकरदाराला सल्ला मिळतो की दरमहा पगारातून इतके टक्के बाजूला टाका. आपल्याला पगार नाही. आपला पैसा दसरा ते संक्रांत एकदम येतो आणि उलंगवाडी होईपर्यंत संपतो. शिवाय साल सालासारखे नसते. म्हणून आपले उद्दिष्ट चांगल्या सालावर बेतले पाहिजे.

२०२१-२२ च्या हंगामात विदर्भाच्या बाजारात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. ते पैसे आज कुठे आहेत, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरी शोधावे. कोणाकडे मोटारसायकल आली, कोणाच्या घरावर स्लॅब पडला. यात पाप काही नाही. पण पैसा हातात आल्यावर ठरवायला बसलो की गरज सोडून हौस पुढे येते. ठरवायचे ते सीतादहीच्या आधी, कापूस झाडावर असताना. चांगल्या सालाच्या पैशाचा क्रम आम्ही असा सुचवतो: पहिल्यांदा सर्वांत महाग व्याजाचे कर्ज, मग घराची एक वर्षाची बेगमी, आणि मग त्या वयाचे एक उद्दिष्ट. एकच. पाच उद्दिष्टे धरली की एकही तडीस जात नाही.

बेगमी म्हणजे नुसता रोकडा नव्हे. पाच माणसांच्या घराला माणशी रोज ४०० ग्रॅम धरले तर वर्षाला सात-सव्वासात क्विंटल ज्वारी लागते. सोयाबीनच्या मागे लागून आपण कणग्या रिकाम्या केल्या आणि कडबाही विकत घेऊ लागलो. घरापुरती ज्वारी आणि बैलापुरता कडबा ही दुष्काळात उपयोगी पडणारी ठेवच आहे. जिच्या कणगीत दाणे आहेत ती माउली धन्याला दिवाळीआधी पडेल भावाने कापूस विकू देत नाही. मात्र थांबण्याची ताकद वेगळी आणि थांबण्याचा जुगार वेगळा. २०२२-२३ मध्ये पुन्हा दहा हजार होतील म्हणून अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. बेगमी पोटासाठी ठेवायची, भावावर डाव लावण्यासाठी नाही.

कोणत्या वयाला काय

विशी ते तिशी. या वयाचे उद्दिष्ट एकच: कर्ज काढून लग्न नाही, मुलाचे नाही आणि मुलीचेही नाही. तरुणांनी स्वतः उभे राहून हे सांगावे, बापाला सांगता येत नाही. याच वयात म्हातारपणाचे बी सर्वांत स्वस्त मिळते. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २०१९ च्या किसान मानधन योजनेत अठराव्या वर्षी महिना ५५ रुपये, तर चाळिसाव्या वर्षी २०० रुपये भरावे लागतात. तेवढीच रक्कम सरकार घालते आणि साठीनंतर महिना ३ हजार मिळतात. ३ हजारांत म्हातारपण निघत नाही, पण औषधाला लेकापुढे हात पसरावा लागत नाही. चाळिशी उलटली की हे दार बंद.

तिशी ते चाळिशी. पोरे लहान, आईबाप थकलेले, आणि सगळे घर एका माणसाच्या अंगावर. या वयाचे उद्दिष्ट म्हणजे तो माणूस गेला तरी घर उभे राहील अशी तजवीज. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत आणि अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपयांत, प्रत्येकी दोन लाखांचा आहे. ४५६ रुपये कोणालाही जड नाहीत. अडचण वेगळीच आहे. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो, आणि नेमके तेव्हाच आपले खाते बियाण्यापायी कोरडे असते. पैसे नसले की विमा बंद पडतो आणि घरच्यांना ते माणूस गेल्यावर कळते. संक्रांतीलाच हे ५०० रुपये त्या खात्यात टाका आणि मेपर्यंत हात लावू नका. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धीचे खाते उघडा. वर्षाला २५० रुपयांनीही ते चालू राहते, आणि चांगल्या सालात जास्त भरता येते.

चाळिशी ते पन्नाशी. आता शिक्षण. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण शहरातली खोली आणि खानावळ माफ नाही. त्याचा आकडा दहावीलाच काढा. शिकणाऱ्या मुलाच्या नावाने शेत विकण्याआधी तो काय शिकतो आणि त्यानंतर काय काम मिळते, हे त्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोन पोरांना विचारा. कॉलेजच्या जाहिरातीला विचारू नका.

पन्नाशीनंतर. या वयात नवे कर्ज नाही, नवी विहीर नाही. उद्दिष्ट आहे कागद सरळ करण्याचे. वाटणी जिवंतपणी, सगळ्यांच्या संमतीने, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांपुढे करून घ्या. मुलीचा हक्क धरूनच करा; महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला वडिलोपार्जित मालमत्तेत ती मुलाच्या बरोबरीची झाली आहे. सगळी जमीन पोरांच्या नावावर करून रिकामे होऊ नका. बक्षीसपत्र केलेच तर आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर देतो, असे त्यात लिहून घ्या. मग पोराने पाठ फिरवली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने ते रद्द करून घेता येते. अट लिहिलेली नसली तर दाद मागणे फार अवघड होऊन बसते.

आणि धनिणीचे नाव सातबाऱ्यावर लावा. लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली त्याला तीन दशके उलटून गेली. पतीने अर्ज दिला तर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. निंदण तिचे, वेचणी तिची, आणि उतारा काढला की ती कुठेच नाही. पन्नाशीचीच वाट कशाला पाहायची? हे काम कोणत्याही वयात करता येते.

पुढच्या बैठकीला

यातल्या कशालाही मोठी रक्कम लागत नाही. लागते ती एक वही आणि दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. येत्या जिल्हा बैठकीला जोडीने या. येताना तीन गोष्टी लिहून आणा: कोणाचे किती देणे आहे आणि कोणत्या दराने, घरात किती महिन्यांची ज्वारी आहे, आणि आपल्या वयाचे एक उद्दिष्ट. तो आकडा कोणाला दाखवण्याची सक्ती नाही. ज्यांना मानधनाचे, विम्याचे किंवा सातबाऱ्याचे अर्ज भरायचे आहेत त्यांनी आधार, बँकेचे पासबुक आणि उतारा सोबत आणावा. बैठकीतच बसून अर्ज भरू.