‘पेटंट भेटन का, ताई?’

देवळीत बसून पेटंट एजंटचं काम करता येतं, हे आमच्या गावात अजून कुणाला पटत नाही. मी बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. केलं, वकिली नाही. या कामाला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते. पेटंट कार्यालयाची परीक्षा मात्र पास व्हावी लागते. अर्ज ऑनलाइन जातो, सुनावणीही व्हिडिओवर होते. औषधं आणि तपासणी किट बनवणाऱ्या कंपन्यांचं काम मी करते. हल्ली त्यांच्यापेक्षा कॉलेजातले प्राध्यापक जास्त येतात.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘पेटंट भेटन का, ताई?’ समोर हळदीचं मलम असतं. पेटंट कायद्याचं कलम ३(ई) नुसत्या मिश्रणाला पेटंट देत नाही. घटक एकत्र आल्यावर त्यांच्या गुणांच्या बेरजेपलीकडचं काही घडतं, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. ३(पी) तर परंपरेने माहीत असलेलं ज्ञान सरळ बाहेर ठेवतं. ‘पण वायगावच्या हळदीला मिळालं ना?’ ते भौगोलिक मानांकन. समुद्रपूर तालुक्यातल्या त्या मातीचं, तिथल्या शेतकऱ्यांचं. शोधाशी त्याचा संबंध नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं होतं. डॉ. माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्याचा अभिमान सगळ्यांना आहे. तोच पुरावा आपल्या मलमाच्या आड आला, की मात्र लोकांना राग येतो.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे खरोखर नवं काही असतं, पण परिषदेत पोस्टर लावून झाल्यावर त्यांना पेटंट आठवतं. तोवर बहुतेक वेळा नावीन्य संपलेलं असतं. शस्त्रक्रियेच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाहीच. त्यासाठी बनवलेल्या अवजाराला मिळू शकतं.

मला खरी चीड येते ती आकड्यांच्या हव्यासाची. अर्ज केला, की अठरा महिन्यांनी तो प्रकाशित होतो. फॉर्म ९ भरून जादा फी दिली तर त्याआधीच. ते प्रकाशन म्हणजे पेटंट नव्हे, तपासणी अजून व्हायची असते. तरी कॉलेजच्या भिंतीवर चौकट लागते आणि मूल्यांकनाच्या अहवालात ‘पेटंट’ म्हणून नोंद होते. पुढे तपासणीची विनंतीसुद्धा कुणी करत नाही. शिक्षण संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत २०२१ पासून आहे. सवलत चांगलीच, पण ती या चौकटींवर खर्च होते. असे अर्ज लिहून देणारे एजंटही आहेत, आणि ते माझ्यापेक्षा बरं कमावतात.

मूल्यांकन करणाऱ्यांनी मंजूर झालेली आणि तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी भरून जिवंत ठेवलेली पेटंटंच मोजावीत. फी भरायची वेळ आली, की आपल्या शोधाची किंमत संस्थेलाच ठरवावी लागेल. माझ्याकडची गर्दी त्याने ओसरेल. ओसरू द्या, किटच्या एका अर्जाचे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते, नीट लिहायलाच मला कित्येक दिवस लागतात.